एका शब्दासाठी रोहण्याला

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात भाषाशास्त्र आणि इटालियन हे दोन विषय मिळून एकच पदवी करते आहे. सुट्टीत सांगलीला घरी आले की भेटणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. याचं पुढे करायचं काय, हा पहिला. आणि जगातल्या एवढ्या भाषा सोडून इटालियनच का, हा दुसरा. पहिल्याला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. दुसऱ्याचं खरं उत्तर असं, की भाषा कशा बदलतात हे शिकायला इटालियनसारख्या लॅटिनच्या लेकींइतकी दुसरी सोय नाही. आई लिहून ठेवलेली आहे आणि लेकी अजून बोलतायत. पण लग्नाच्या पंगतीत हे सांगता येत नाही. तिथे मी म्हणते, ऐकायला गोड वाटतं म्हणून.

या डिसेंबरात घरी आले होते, तेव्हा अश्विनीचा फोन आला. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. ती आता वर्ध्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे.

"तुला ते इटालियन खरंच येतं का, की नुसतं परीक्षेपुरतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, वर्षभर इटलीतल्या पादोव्हा शहरात राहून, भांडून, भाजी विकत घेऊन आले आहे. येतं.

मग तिनं सांगितलं. आर्वी तालुक्यातल्या रोहणा गावात एक इटालियन बाई राहते. तरुणपणी वर्ध्याजवळच्या एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून आली होती. तिथे भाजी पोचवायला येणाऱ्या महादेवराव नावाच्या शेतकऱ्याशी तिनं लग्न केलं आणि रोहण्यातच राहिली. मूलबाळ नाही. महादेवराव जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा दीर, पुतण्या आणि त्याची बायको यांच्यासोबत ती राहते. पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण मराठी गेलं. आयुष्यभर बोललेलं मराठी पार पुसलं गेलं आणि तिच्या तोंडून भलतीच भाषा येऊ लागली.

"असं होतं कधी कधी," अश्विनी म्हणाली. "नंतर शिकलेली भाषा जाते आणि लहानपणची उरते. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण अडचण वेगळीच आहे. ती पुतणसुनेकडे बघून म्हणते, 'वनिता मे मारे, वनिता मे मारे.' आणि तिच्या हातांवर निळे डाग आहेत."

"वनिता म्हणजे ती पुतणसूनच ना?"

"हो. डाग रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे असू शकतात. मी तसं सांगितलं. पण घरात कोणी मानत नाही. सुनेला माहेरी पाठवायचं आणि बाईला वृद्धाश्रमात ठेवायचं, असं चाललंय. तू एकदा येऊन ऐक."

तिनं फोनवर टिपलेला आवाजही पाठवला. त्यात पंख्याची घरघर होती, कोंबड्या होत्या, आणि मध्येच 'मारे' एवढंच स्वच्छ ऐकू येत होतं. मी तिकीट काढलं.

पिपरी मेघे

वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. सांगलीची थंडी नदीवरून येते आणि दमट असते. इथली कोरडी, चामडी ओढणारी. अश्विनी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहते. नव्या कोऱ्या घरांच्या रांगा आणि मध्येच एखादं वावर शिल्लक, त्यात तूर उभी, आणि तुरीच्या कडेला कुणाच्या तरी बंगल्याचं फाटक. सकाळी तिनं गाडीवरचे तर्री पोहे आणले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर घालतात. इथे हरभऱ्याची लालजर्द तर्री ओततात. माझे डोळे पाणावले, आणि अश्विनी म्हणाली, हे तर काहीच नाही.

ती ड्युटीवर असल्यामुळे येऊ शकत नव्हती. निघताना तिनं एकच सांगितलं. "तुला जे ऐकू येईल ते सांग. वनिताला वाचवायला म्हणून काही सांगू नकोस. मला ती आवडते. पण ती मारत असेल, तर तेही मला कळलं पाहिजे."

पुलगावहून पुढे

पुलगावला त्या बाईंचा पुतण्या, गजानन, मोटारसायकल घेऊन आला होता. तो तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. चाळिशीच्या आतला, सडपातळ, कानाला मफलर. त्यानं माझी पिशवी पुढे टाकीवर घेतली आणि गाडी काढली. लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठाराचं तारेचं कुंपण मागे पडलं. पुढे रस्त्याच्या बाजूने बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या खुणा दिसत होत्या, रुळांच्या जागी बाभळी वाढलेल्या. वेचणीला आलेल्या कपाशीत बायका वाकून काम करत होत्या.

एका चहाच्या टपरीवर तो थांबला. तिथे त्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमाले त्याईची भाषा पूर्ण समजते?"

"बरीचशी."

"मंग एक सांगतो. माह्या बाबाले जे सांगायचं ते सांगजा. पण आधी मले सांगजा." तो चहाच्या पेल्याकडे बघत होता. "मी दिवसभर दुकानात राह्यतो. घरी काय होते, मले काय मालूम?"

बायकोवर त्याचा विश्वास होता की नव्हता, हे त्या वाक्यावरून मला कळलं नाही. बहुधा त्यालाही ते माहीत नसावं.

रोहणा

घर गावाच्या कडेला आहे. पुढे अंगण, मागे विहीर आणि विहिरीला लागून भाजीचं वावर. मेथी, वांगी, सांभार. सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, हे मला वांग्याच्या भाजीबरोबर शिकायला मिळालं. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी सगळं घर जुड्या बांधायला बसतं.

अंगणात उन्हाला खाट टाकली होती. खाटेवर लुचियाबाई. गावात हे नाव कोणी घेत नाही. 'लुचिया' म्हटलं की 'लुच्ची' ऐकू येतं, म्हणून सासूनं लग्नातच लक्ष्मी नाव ठेवलं होतं. पांढरेशुभ्र केस, त्यांची घट्ट वेणी, सुती नऊवारी, हातात हिरव्या बांगड्यांऐवजी एक पितळी कडं. चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. दोन्ही दंडांवर जांभळाच्या रंगाचे डाग.

शेजारी वनिता मेथी निवडत बसली होती. ठेंगणी, गव्हाळ, तोंडावर काही न दिसू देणारी. तिनं उठून पाणी दिलं. माझ्याशी ती अगदी जपून, पुस्तकातलं बोलत होती. "तुम्हाला प्रवासात त्रास झाला नाही ना? मला वाटलं उशीर होईल." प्रत्येक 'मला'च्या आधी घरचं 'मले' तिच्या जिभेवर अडत होतं.

मी खाटेपाशी बसले आणि इटालियनमध्ये म्हणाले, "नमस्कार, लुचियाबाई. मी तुम्हाला भेटायला आले आहे."

त्यांनी मान वळवली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागल्या. शब्द तुटत होते, उजव्या ओठातून हवा निघून जात होती, आणि डोळ्यांतून पाणी. मला तीन शब्दांतला एक कळत होता. थंडी. पाणी. इकडे ये. आणि पुन्हा पुन्हा, 'मे मारे'.

इटालियनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र. पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात हा शब्द येतो. माझा जीव हलका झाला.

दीर भाऊराव, म्हणजे गजाननचे वडील, ओसरीवर बसून हे सगळं पाहत होते. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मी त्यांना सांगितलं, "त्या मारण्याबद्दल बोलत नाहीयेत. मारे म्हणजे त्यांच्या भाषेत समुद्र."

 भाऊरावांनी विचारलं, "समुद्र?"

"हो."

"वैनीचं गाव पहाडात होतं. बर्फ पडे तिथं. तिचा बाप जंगलात लाकडं तोडे. हे तिनं मले हज्जारदा सांगितलं. समुद्राची गोष्ट तिनं कधी केली नाई." ते उठले. "आन् समुद्राचं नाव घेतलं तं वनिताकडे पाहून काऊन रडते?"



"डॉक्टरीणबाई तुमची मैत्रीण हाय," ते शांतपणे म्हणाले. "तिचा जीव वनितावर हाय, मले मालूम हाय. तुमी इतक्या दुरून आल्या, जेवून जा. पण मले असं काही सांगू नका."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं.

संध्याकाळी स्वयंपाक झाला. पोळ्या, वांग्याची भाजी, कढी आणि त्यात सोडलेले डाळीचे गोळे. ताटं मांडली गेली. भाऊराव मात्र अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटांच्या चुलीपाशी उकिडवे बसून स्वतःची भाकर भाजत होते. भाकर त्यांना नीट येत नव्हती, कडा फाटत होत्या. तिच्यावर त्यांनी तिखट आणि तेल घेतलं आणि तिथेच, पाठ करून, जेवले. गजानन खाली मान घालून जेवत होता.  हे रोजचं होतं.

भांडी घासायला मी वनिताबरोबर विहिरीपाशी गेले. तिथे तिचं पुस्तकातलं मराठी गळून पडलं.

"दसऱ्यापासून माह्या हातचं खात नाईत ते," ती म्हणाली. "पाणीबी सोता घेतात. या घरात लगीन होऊन आली तवा मले चूल पेटवता येत नव्हती. मोठीमायनं शिकवलं सारं." मोठीमाय म्हणजे मोठी सासू, लुचियाबाई. तिनं राख घेतली, भांड्याला लावली. "एक गोष्ट तुमाले सांगते. एकदा मी त्याईचा हात ओढलता. त्या खाटेवरून खाली सरकून राह्यल्या होत्या. जोरात ओढला. दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं."

"पडत होत्या म्हणून ओढला ना?"

ती बराच वेळ घासत राहिली. "पडत होत्या. आन् मी थकली पण होती. रागानं ओढला का पडू नये म्हणून, आता मले सांगता नाई येत. रोज 'मारे, मारे' ऐकून ऐकून मलेच वाटते, मी खरंच मारते का काय."

मी तिला काही धीर देऊ शकले नाही. त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी वनिता खाटेवर बसून लुचियाबाईंची वेणी घालत होती. मी फोनवर इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरांचे फोटो उघडले. पादोव्हात असताना मैत्रिणींबरोबर एका रविवारी तिकडे गेले होते. बर्फ, उतारावर देवदारांची रांग, लाकडाचं एक घर. फोन त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी बोट लावलं. पडद्यावर नाही, जरा वर, हवेतच. आणि म्हणाल्या, "मे पारे. एल बोस्को."

बोस्को म्हणजे जंगल. 'पारे' म्हणजे, माझ्या पुस्तकानुसार, 'वाटतं'. वाटतं जंगल. याला काही अर्थ होत नव्हता. मी तो शब्द मनात पुन्हा म्हटला, आणि मला पादोव्हातली माझी घरमालकीण आठवली. ती संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलायची ते वेगळंच असायचं. मी खोलीत आले की ती चटकन भाषा बदलायची आणि ओशाळून म्हणायची, "ती काही भाषा नव्हे, आमचं आपलं घरातलं बोलणं." त्या घरातल्या बोलण्यात मी ऐकलं होतं, 'मे पारे'. माझे वडील.

इटालियनमध्ये वडील म्हणजे पाद्रे. तिकडच्या बोलीत मधला 'द' झिजून गेला आणि राहिलं पारे. हा नियम मी परीक्षेत लिहिला होता. आणि वडील पाद्रेचे पारे झाले, तर आई, माद्रे, तिचं काय होणार?

 वनिताच्या हातात वेणीचा पेड तसाच होता. लुचियाबाई मान मागे टाकून तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "वनिता. मे मारे."

वनिता, माझी आई.

गजाननला आधी सांगायचं, हे मी कालच्यासारखंच आजही विसरले. धावत वावरात गेले. भाऊराव मेथीला पाणी देत होते, पाय चिखलात. मी धापा टाकत सांगितलं, की काल मी चुकले. समुद्र नाही. त्या बोलतात ती पुस्तकातली इटालियन नाही, त्यांच्या गावाकडची आहे. 'मे मारे' म्हणजे माझी माय.

त्यांनी फावडं खाली ठेवलं. "काल समुद्र, आज माय. उद्या आणखी काही म्हणसान."

"नाही म्हणणार."

"वैनीची माय कवाचीच गेली. ती खबर आली तवा मी घरीच होतो."

"हो. पण आता त्या वनिताताईंना माय समजतात. रोज न्हाऊ घालते, भरवते, वेणी घालते, ती कोण? माय."

ते विहिरीवर गेले, पाय धुतले, आणि घराकडे चालू लागले. मी मागे. अंगणात वेणी घालून झाली होती. वनिता आत गेली होती. गजानन पायऱ्यांवर उभा होता. त्याची दुकानात जायची वेळ झाली होती, पण तो गेला नव्हता.

भाऊराव मला बाजूला सारून खाटेसमोर उभे राहिले. मला वाटलं, ते मला काही विचारायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी वाकून, सावकाश, स्वतःच विचारलं, "वैनी, मारे कुठं हाय?"

मराठी लुचियाबाईंना समजलं की नाही, सांगता येत नाही. पण तो एक शब्द समजला. त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. भाऊरावांकडे पाहिलं, गजाननकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नजर पुढे गेली. डावा हात खाटेवर चाचपायला लागला. श्वास वाढला. "मारे," त्या म्हणाल्या, मग मोठ्यानं, "मारे, मारे," आणि पाय खाली टाकायला लागल्या. खाटेवरून त्यांचं अंग सरकलं.

आतून वनिता धावत आली. हाताला पीठ होतं. तिनं त्यांना दोन्ही दंडांना धरून वर ओढलं, जोरात. दुसरा इलाज नव्हता. लुचियाबाईंनी डोकं तिच्या पोटाशी टेकवलं आणि डाव्या मुठीत तिचा पदर धरला. श्वास हळूहळू खाली आला. डोळे मिटले.

 भाऊराव त्या मुठीकडे पाहत होते. ज्याची भीती वाटते त्याला माणूस असं शोधत नाही, हे सांगायला भाषांतराची गरज नव्हती.

"माय म्हणते तुले," ते शेवटी म्हणाले.

वनिता त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ऐकलं."

तिच्या आवाजात सुटका नव्हती. गजानन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला आणि तिच्या खांद्याला हात लावायला गेला. तिनं खांदा बाजूला घेतला. "दुकानात जा," ती म्हणाली. "उशीर झाला तुमाले." तो गेला. मोटारसायकल फाटकाबाहेर बराच वेळ सुरू होत नव्हती.

दुपारी अंगणातली चूल पेटली नाही. भाऊराव हातपाय धुऊन आत आले आणि पाटावर बसले. "वनिता, वाढ," ते म्हणाले.

ती वरणाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, ती ते खाली ठेवून निघून जाईल. तिनं तसं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. मग तिनं वाकून भात वाढला, वर वरण, बाजूला ठेचा.  हात धुवायला उठताना भाऊराव म्हणाले, "माह्याकडून चूक झाली." ताटाकडे बघत म्हणाले. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं गोळीचं सांगितलं तवा ऐकाले पाह्यजे होतं." एवढंच. माझ्यासमोर तरी एवढंच झालं. बाकीचं त्या घरात हळूहळू व्हायचं होतं, किंवा नव्हतं.

उन्हं कलती झाल्यावर भाऊराव माझ्याशेजारी ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी घोळत होतं.

"तिले एक विचारता?" ते म्हणाले. "तिले तिच्या देशात जायचं हाय का? मादेवदादा होता तवर तिनं कधी नाव घेतलं नाई. आमीबी विचारलं नाई. आता तिले तेच गाव दिसून राह्यलं असन तं..." ते थांबले. "जायचं असन तं आमी पाहू. काय लागन ते पाहू."

मी खाटेपाशी बसले. माझं तोंड त्या बोलीला सवयीचं नव्हतं. घरमालकिणीचा आवाज आठवून, अडखळत विचारलं, घरी जायचं आहे का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे, मग वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगांकडे. विचार करून, अगदी शहाण्या माणसासारखं उत्तर दिलं.

"झे तार्दी."

"काय म्हणते?" भाऊरावांनी विचारलं.

"उशीर झाला, म्हणतात."

"कशाले?"

"ते नाही सांगितलं."

मी पुन्हा विचारावं असं त्यांनी सुचवलं नाही. ऊन अंगणाबाहेर जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन मला पुलगावला सोडणार होता. वनितानं पिशवीत संत्री आणि वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं घातली. त्याआधी तासभर ती माझ्याकडून शब्द शिकली होती. तहान लागली, दुखतंय, थंडी वाजते, पुरे. ती ते एकदाच ऐकून बिनचूक म्हणत होती, आणि माझ्याशी बोलतानाही आता सहज 'मले' म्हणत होती. मी तिला म्हटलं, माझा परीक्षेचा प्रबंध बोलींवर आहे, तुमचं बोलणं टिपून घेऊ का. ती म्हणाली, आमच्यात काय हाय टिपायसारखं. मग म्हणाली, पुढच्या येळेस येजो, तवा पाहू.

मी चपला घालत होते तेव्हा भाऊराव आले.

"वैनीले तिच्या भाषेत काय म्हणते? म्हणजे दिरानं वैनीले?"

पुस्तकात 'कोन्याता' आहे. तिकडच्या बोलीत 'त'चा 'द' होतो, हे मला माहीत होतं. मी नियम लावून शब्द बसवला. "कुन्यादा असावं," मी म्हटलं. "पण मी हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. खात्री देत नाही."

"कुनादा."

"न्या. कुन्यादा."

"कुन्यादा," ते म्हणाले, आणि दोनदा पुटपुटले.

लुचियाबाई उन्हात बसल्या होत्या. भाऊराव अनवाणीच गेले आणि खाटेच्या पायाकडच्या कडेवर टेकले. गुडघ्यांवर हात ठेवले. इतका वेळ घोकलेला शब्द ऐन वेळी पुन्हा मोडला.

"कुनादा," ते म्हणाले.

त्यांनी मान वळवली. दिराकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली, गालावर सुरकुत्या चढल्या, आणि घशातून एक बारीक आवाज आला. त्या हसत होत्या. झटका आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या, असं वनितानं मला नंतर सांगितलं. ती दारात उभी होती.

भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं?"

"थोडं."

"चालते," ते म्हणाले. "वैनी नवीन आलती तवा मायले 'सासू' म्हणाच्या जागी 'ससा' म्हणे. आमी सारे पोट धरून हसलो. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं."

मग ते खाटेवर थोडे पुढे सरकले आणि त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला.